पाऊस बघायला सलालाला

कोकणातल्या बाईला कुणी परदेशी पाऊस दाखवायला नेईल का? आमच्या ह्यांनी नेलं. जुलै महिना, रोह्याला कुंडलिका दोन्ही काठ भरून वाहतेय, शेतात लावणी अर्धी राहिलेली, आणि मी विमानात बसून ओमानला चाललेय. सलाला नावाचं समुद्राकाठचं गाव, तिथं हे एका दुकानाची पिकअप चालवतात. माझ्या नवऱ्याचं नाव नझीर, पण आमच्यात बायका नाव घेत नाय, म्हणून 'हे'. तर ह्यांनी विमानतळावर माझ्या हातातली बॅग घेतली आणि पहिलं वाक्य काय बोलले? "बरोब्बर सीझनला आलीस गो. इथं पाऊस लागलाय." काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पण मी पाऊस बघायला गेलेच नव्हते. मी ह्यांना घरी आणायला गेले होते.

दोन वर्षांमागं आमचा सुफियान गेला. एकुलता एक. पेणला अकरावीत होता, रोज रेल्वेने जायचा. त्या दिवशी गाडी चुकली म्हणून मामाची बाईक काढली आणि गडबच्या अलीकडं हायवेवर पावसात घसरला. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाय, मग हे पोचणार कसे? दिराने कब्रस्तानात फोन धरला, बापाला निदान बघायला मिळावं म्हणून. ह्यांनी तिकडून फोनच बंद केला. आणि त्यानंतर घरी पाऊल टाकलं नाय. कधी अरबाब, म्हणजे ह्यांचा शेठ, सुट्टी देत नाय, कधी तिकीट महाग, कधी पाठ दुखते. शेवटी मी फोनवर तोंड वाजवलं तेव्हा म्हणाले, मी येत नाय, तूच ये, व्हिसा काढतो. बरं म्हटलं, येते. मनात एकच होतं की जाताना एकटी जायचं नाय. बापाने एकदा तरी पोराच्या कबरीवर उभं राहून फातिहा पढावी. त्याच्या पुढचं पुढं.

महिनाभर मी विषय काढायचे आणि हे तो गिळायचे. माझं परतीचं विमान परवावर आलं तेव्हा कुठं ह्यांना सुचलं की बायकोला काही दाखवलंच नाय. अरबाबने एक दिवस सुट्टी आणि आपली जुनी गाडी दिली. सकाळी निघालो तर बाहेर भुरभुर चालू, आमच्याकडं त्याला कुणी छत्रीसुद्धा उघडत नाय. आणि रस्त्याच्या कडेला बघते तर अख्ख्या आखातातली माणसं जमलेली. दुबईच्या गाड्या, सौदीच्या गाड्या. लोक हिरव्या गवतावर चटया टाकून, थर्मास मांडून, त्या भुरभुरीत मजेत भिजत बसलेले. उंट धुक्यातून रस्ता ओलांडत होते आणि गाड्या त्यांच्यासाठी मुकाट थांबत होत्या.

"कसा हाय?" ह्यांनी विचारलं. तोंडावर असा आनंद, जसं काय पाऊस ह्यांनीच विकत आणून तिथं सोडलाय.

मी म्हटलं, याला पाऊस म्हणत असाल तर आमच्या मोरीचा नळ धबधबाच झाला. हे हसले. मग माझ्या ध्यानात आलं की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. लग्न झाल्यापासून हे कधी पावसाळ्यात घरी आलेच नव्हते. सुट्टी कायम थंडीतली, लग्नसराईतली. ह्यांच्या डोक्यातलं आमचं घर कोरडंच होतं. माणूस खरंच विसरला होता की मी कुठून आलेय.

डोंगरावर हजरत अय्यूबांची कबर हाय म्हणतात, तिथं आधी गेलो. अय्यूब नबींची सगळी मुलंबाळं गेली, अंगाला रोग जडला, तरी त्यांनी सब्र सोडला नाय, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटलं, अल्लाहनेच गाडी इथं वळवली. इथं तरी हे बोलतील. तर हे बाहेरच थांबले. गाडीवर लक्ष ठेवायला पाहिजे म्हणे. तिथं कोण चोर बसलाय, अरबाबच्या त्या खटारा गाडीला हात लावायला? मी आत जाऊन दुवा मागितली, सुफियानसाठी थोडी आणि ह्यांच्यासाठी जास्त. बाहेर आले तर हे शहाळी घेऊन उभे. सलालाला नारळाच्या बागा, केळीच्या बागा, सगळं आपल्यासारखंच. शहाळंवाला केरळचा होता, त्याच्याशी हे अरबीत घासाघीस करत होते. मी बाजूला उभी राहून बघत होते की माझा नवरा किती भाषांत बोलतो आणि माझ्याशी किती थोडं.

मग मुघसैलला गेलो. तिथं खडकाला भोकं हायत. खालून समुद्र धडकला की त्या भोकांतून पाणी वर उडतं, माणसाच्या डोक्याच्याही वर. वर लोखंडी जाळ्या बसवल्यात. पोरं जाळीजवळ जायची, पाणी उडालं की किंचाळत पळायची. समुद्र खवळलेला, राखाडी, वरून भुरभुर चालूच. हे मला समजावत होते की लाट कधी येते ते आवाजावरून कळतं. माझा संताप तिथं फुटला. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर फोनवरून घर चालवलंत, उंटावरून शेळ्या हाकल्यात, मी एका शब्दाने बोलले नाय. पण पोराच्या कबरीवर मी एकटीने किती वेळा जायचं? लोक विचारतात, बाप आला नाय का अजून. काय सांगू? बापाला समुद्राचं पाणी कसं उडतं ते बघायचंय म्हणून?

आजूबाजूची माणसं बघायला लागली. भाषा कळत नव्हती तरी भांडण कळतंच.

हे म्हणाले, "मी येडा नाय, साबिरा. तो गेला ते मला माहीत हाय. पण तू बघ ना. तो झाला तेव्हा मी इथं होतो. चालायला लागला तेव्हा इथं. माझ्यासाठी तो कायम तिकडंच असायचा. आतापण मी इथं असलो की तो तिकडं हाय, रोह्याला. घरात हाय, फोन तेवढा उचलत नाय. मी घरी आलो की मग तो नाय."

मला त्यांची कीव यायला पाहिजे होती. नाय आली. मला जळजळीत हेवा वाटला.

"तुमचं बरंय. तुम्हाला तो तिकडं तरी हाय," मी म्हटलं. "मी तिकडंच राहते. मला तो कुठंच नाय."

त्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं, महिन्याभरात पहिल्यांदा नीट बघितलं, आणि रडायला लागले. मोठा माणूस, दाढी पांढरी झालेली, त्या सहलीला आलेल्या गर्दीत उभा राहून पोरासारखा रडत होता. एका अरबी बाईने टिशूचा डबा पुढं केला. गाडीत येऊन बसलो तेव्हा हे एवढंच म्हणाले, बरोबर येतो परवा, रात्री तिकीट काढतो. मी त्यांचा हात धरला आणि बाजारापर्यंत सोडला नाय. गिअर टाकताना त्यांना अडचण होत होती.

बाजारात जायलाच पाहिजे होतं. आखातातला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाय. गेला तर गाव म्हणेल नोकरी गेली. खोक्याला दोरी बांधून, वर नाव लिहून न्यायची रीतच हाय. एका दुकानात शिरलो आणि हे एकदम वेगळेच झाले. पाय भराभर पडायला लागले. दिरासाठी अत्तर, जावेसाठी घड्याळ, शेजारच्या सुमय्याला चॉकलेटं, मशिदीच्या इमामांना नमाज पढायला जानमाज. इतकी वर्षं हे असंच करत आले, कुणासाठी काय ते पाठ हाय ह्यांना. मीही आपली पिशवी धरून मागं मागं. खूप दिवसांनी आम्ही नवरा-बायकोसारखे भांडत होतो, हे घ्या, ते नको, वजन किती होईल. मला बरं वाटत होतं.

मी साबणाकडं वळले होते. मागून ह्यांनी हाक मारली.

"गो, जरा इकडं ये. मागच्या खेपेला आठ नंबर नेले होते. वाढीचं वय हाय, नऊ बसतील ना?"

बघते तर बुटांच्या फळीसमोर उभे. हातात पांढरे स्पोर्टचे बूट, बाजूला दुकानदार पोरगा दुसरा जोड काढतोय. सवयीने हात गेला होता, बस. इतकी वर्षं त्यांनी पोराचा पाय कधी मापला नव्हता. फोनवर नंबर विचारायचा, एक वाढवायचा आणि घ्यायचा. माझ्या तोंडाकडं बघता बघता त्यांच्या ध्यानात यायला लागलं. आधी डोळ्यांत आलं. बूट धरलेला हात हळूहळू खाली यायला लागला.

मला बोलायचं होतं की ठेवा ते, चला. तेवढंच बोलायला तर मी समुद्र ओलांडून आले होते. पण खरं सांगते, ह्यांनी विचारलं तेव्हा मला तो दिसला. रोह्याला, आमच्या ओटीवर, पाय लांब करून बसलेला, अब्बा काय आणतायत त्याची वाट बघत. वाढलेला. मिसरूड जाड झालेली. दोन वर्षांत तो मला त्या घरात एकदासुद्धा असा दिसला नव्हता. घरात कुठून दिसणार, घरात तो नव्हताच. मी इथं लांब आले तेव्हा तो तिथं जाऊन बसला होता.

"दहा घ्या," मी म्हटलं. "नऊ घट्ट होतील त्याला."

ह्यांनी दहा घेतले. आपल्या तिकिटाचा विषय मग ह्यांनी काढला नाय आणि मी विचारलं नाय. परवाच्या दिवशी मला विमानतळावर सोडायला आले, खोक्याची दोरी पुन्हा एकदा घट्ट केली आणि म्हणाले, पोचलीस की फोन कर. मी व्हय म्हटलं आणि एकटी आत गेले. खिडकीजवळची जागा मिळाली होती. बाहेर तीच भुरभुर चालू होती. मुंबईला विमान उतरेपर्यंत माझा पोरगा घरीच होता.