त्याच्या होकाराशिवाय

बफेलोच्या बास्केटबॉल संघाने केल्विन स्ट्रोदरला ठेवायचं की द्यायचं, यावरून वँडाच्या बारमध्ये जानेवारीभर भांडण पेटलेलं होतं. द्यायचं म्हणजे अदलाबदल. स्ट्रोदर डेन्व्हरला जाणार, तिकडचा एकवीस वर्षांचा एक चपळ पोरगा बफेलोला येणार, वर नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीचे दोन हक्क. अशा ट्रेडची मुदत फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी तीनला संपत होती. त्या दुपारी रेनी वोयतानिकने आपल्या सात महिन्यांच्या लेकीला, जोसीला, बर्फातल्या फुगीर सूटमध्ये कसंबसं कोंबलं, गाडीतली बाळाची खुर्ची तिच्यासकट उचलून कोपरात अडकवली आणि बाहेरच्या चिखलबर्फातून ती बारमध्ये शिरली.

"आली बघा स्ट्रोदरची वकीलबाई!" ओटिस मॅकल्वेन काउंटरवरून ओरडला. ओटिस शहराचा बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा, आणि पहाटेपासून काम करून त्याचे डोळे लाल झाले होते. "आणि ज्युनियर वकीलही सोबत आहे."

"हळू बोल, ती झोपलीय."

"ज्युनियरला सांग, अशील हातचा गेला."

"काही गेला नाही," रेनी म्हणाली. "त्याच्या होकाराशिवाय त्याला कुणी हलवू शकत नाही. किती वेळा सांगू?"

हे तिचं ठेवणीतलं अस्त्र. स्ट्रोदरच्या करारात तसं कलमच होतं: तो स्वतः हो म्हणाल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघात पाठवायचं नाही. सगळ्या लीगमध्ये असं कलम मिळालेले खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रेडिओवर कुणी काही बडबडो, मालक काही ठरवो, शेवटचा शब्द केल्विनचा. आणि केल्विनचा शब्द काय असणार, हे रेनीला माहीत होतं.

तिचा बाप, जीन, खिडकीजवळच्या टेबलावर बीफचं सँडविच खात होता. वर खडेमीठ लावलेला पाव, आत हॉर्सरॅडिशचा असा काही झणझणीत थर, की पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत नेहमी पाणी यायचं. लेकीला बघून त्याने पायानेच समोरची खुर्ची सरकवली.

"बस. काही खाल्लंस? नाही ना? वँडा, हिला सूप दे गं."

"डॅड, मला भूक नाही."

"दूध पाजणाऱ्या बाईला भूक नसते असं कधी होतं का? दे गं तू."

वँडाने न विचारता वाटी आणून ठेवली. जोसीच्या खुर्चीत डोकावून, "काय गाल आलेत हो सोन्याला," असं पुटपुटत ती पुन्हा काउंटरमागे गेली.

जीनला ट्रेड हवा होता. त्याने ते कधी लपवलं नव्हतं. "पोरी, मला सांग, तू त्याच्या गुडघ्याकडे बघतेस का कधी? चौथ्या क्वार्टरला तो जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा पळतो. तेहतीस वर्षांचा झाला. पुढच्या वर्षी त्याच्या बदल्यात कुणी जुने शूजसुद्धा देणार नाही."

"दहा वर्षं तो इथे राहिला, डॅड. बाकीचे सगळे चमकले की पळाले. मायामी, लॉस एंजेलिस. हा राहिला."

"राहिला, छान केलं. मी त्याचे आभार मानीन. आणि आभार मानून डेन्व्हरच्या विमानात बसवीन."

"शरम वाटत नाही?"

"अजिबात नाही. मी नऊ वर्षांचा होतो, तेव्हा इथला पहिला संघ बाडबिस्तरा आवरून कॅलिफोर्नियाला निघून गेला. माझ्या भिंतीवर त्यांचं पोस्टर होतं. तेव्हा एकदाच काय ते रडून घेतलं. आता मी खेळाडूंशी बाजारात भाजी घ्यावी तसा वागतो. ताजी आहे तोवर ताजी."

"आणि मी शिळी झाले की?"

"तुझ्यात ते कलम आहे," जीन म्हणाला. "तुझ्या होकाराशिवाय तुला हलवता येत नाही. तुझ्या नवऱ्यात नाही, त्याला मी तीन वर्षांपूर्वीच कुणाला तरी देऊन टाकणार होतो."

ओटिस हसता हसता खोकला. रेनीलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

कारण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी तिने या टेबलावर कधी पूर्ण सांगितली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात जोसी दोन महिने आधीच जन्मली. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात, ब्रेडच्या लादीएवढा जीव. रेनी दिवसदिवस त्या पेटीशेजारी बसून राहायची. एका दुपारी नर्सच्या मागोमाग एक अवाढव्य माणूस वाकून दारातून आत आला. कॅमेरा नाही, वार्ताहर नाही, संघाची टोपीसुद्धा नाही. त्याने कोपरांपर्यंत हात धुतले, अगदी सांगितल्याप्रमाणे, नखांच्या कडांसकट. मग पेटीच्या भोकातून एक बोट आत घातलं, आणि जोसीने ते धरलं. एवढं रेनीने सगळ्यांना सांगितलं होतं. बारमध्ये ती गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की ओटिस आता ती रेनीपेक्षा चांगली सांगायचा.

पण त्यानंतर तो जे बोलला, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बापाला नाही. स्ट्रोदर बोट न हलवता, हळू आवाजात म्हणाला होता, "हिला मोठी होऊ दे. मॅचला घेऊन या. मी कुठेही जात नाहीये."

त्या दिवसांत डॉक्टर काही म्हणायचे नाहीत. नवरा रडेल म्हणून बोलायचा नाही. बाप नुसता कॉफी आणून द्यायचा. 'हिला मोठी होऊ दे' असं पुढच्या दिवसांबद्दलचं वाक्य सगळ्या जगात त्या एका माणसाने उच्चारलं होतं. ते दोन्ही शब्द, मुलीचं मोठं होणं आणि त्याचं कुठेही न जाणं, रेनीच्या मनात एकाच गाठीत बसले होते. एक खरं झालं होतं. दुसरं खोटं होईल, हे तिच्या मनात येऊच शकत नव्हतं.

टीव्हीच्या तळाशी घड्याळ पळत होतं. जोसी उठली, कुरकुरली. रेनीने शालीआड तिला पाजायला घेतलं. बारमधल्या पुरुषांनी सवयीने माना टीव्हीकडे वळवल्या. इतर संघांची नावं सरकत होती, कोण कुठे गेला, कोण कुणाच्या बदल्यात. बफेलोचं नाव काही येईना.

तीन वाजले.

"संपलं!" रेनी म्हणाली. आवाज एवढा चढला, की जोसीने दूध सोडून वर बघितलं. "संपलं! कुठे गेला? कुठेही गेला नाही! डॅड, बोल आता. ओटिस, बोल!"

"मानलं बाई," ओटिसने दोन्ही हात वर केले. "वकीलबाई जिंकल्या."

वँडाने घंटा वाजवली. जीनने खांदे उडवले, पण लेकीचा चेहरा बघून त्याला बरंही वाटलं असावं, कारण त्याने तिच्या वाटीतलं उरलेलं सूप मुकाट्याने संपवलं. रेनी जोसीला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत बारभर फिरली. "बघ, तुझा माणूस राहिला," ती तिच्या कानात म्हणाली. "राहिला गं."

पण तीनला बंद होतं ते फक्त कागद पाठवणं. मुदतीच्या आत जे पाठवलेलं असतं, त्याची बातमी मागाहून झिरपत येते. इतकी वर्षं बास्केटबॉल बघणाऱ्या या माणसांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि आनंदात सगळेच विसरले होते.

आधी ओटिसचा फोन वाजला. त्याने वाचलं, आणि तो काही बोलला नाही. ओटिस बोलत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आपापले फोन काढले.

"रेनी," जीन म्हणाला. "इकडे ये. बस आधी."

तिने उभ्यानेच वाचलं. केल्विन स्ट्रोदर डेन्व्हरला.

"शक्य नाही. त्याच्या होकाराशिवाय..." आणि ती तिथेच थांबली.

ओटिसनेसुद्धा टोमणा मारला नाही. जानेवारीभर तीच या सगळ्यांना घसा कोरडा करून सांगत होती, की मालक, मॅनेजर, डेन्व्हर, कुणाच्याही हातात काही नाही. आता दुसऱ्या कुणावर रागवायची सोयच तिने ठेवली नव्हती. तो हो म्हणाला होता. त्याला विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला होता.

संध्याकाळी स्ट्रोदरने चार ओळी लिहिल्या. शहराचे आभार, चाहत्यांचे आभार, हे घर कायम मनात राहील, विजेतेपदाच्या अंगठीसाठी शेवटची संधी घ्यायची आहे. रेनीने त्या एका हाताने डायपर बदलताना वाचल्या. सगळं नीट, सभ्य, खोट काढायला जागा नाही. तिला वाटलं, याने निदान एखादं वाक्य तरी वेडंवाकडं लिहायला हवं होतं.

*

मार्चमध्ये डेन्व्हरचा संघ बफेलोला खेळायला आला. त्याआधीचा आठवडाभर वँडाकडे नवा वाद: स्ट्रोदर मैदानात उतरला की टाळ्या वाजवायच्या की हुर्यो करायची?

"हुर्यो!" ओटिस म्हणाला. "घसा फाटेपर्यंत. स्वतः हो म्हणून गेला. मालकाने हाकलला असता तर मी फुलं टाकली असती."

"दहा वर्षं खेळला तो तुमच्यासाठी," वँडा म्हणाली. "लाज बाळगा जरा."

"टाळ्या," जीन म्हणाला. "आपला सौदा चांगला झाला. नवा पोरगा बघितलास ना कसा पळतो?"

"आणि वकीलबाई?"

रेनी जोसीला भाताची पेज भरवत होती. "मी खटला सोडला," ती म्हणाली. जोसीच्या हनुवटीवरचं तिने चमच्याने निपटून पुन्हा तोंडात घातलं.

जीनची दोन जागांची तिकिटं बास्केटच्या मागे, अगदी वरच्या रांगांत होती. यायचं नाही असं रेनी दोनदा म्हणाली, आणि मॅचच्या दिवशी जोसीच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे गोल डबे चढवून ती बापाच्या गाडीत येऊन बसली.

खेळ सुरू व्हायच्या आधी दिवे विझले आणि मोठ्या पडद्यावर स्ट्रोदरची दहा वर्षं दाखवायला लागले. पहिल्या वर्षीचा काटकुळा पोरगा, मग दाढी, मग गुडघ्यावरची पट्टी. शाळेत मुलांबरोबर, बर्फात अडकलेली गाडी ढकलताना. सगळं स्टेडियम उभं राहिलं. चार रांगा खाली ओटिस उभा होता, हुर्योवाला ओटिस, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून टाळ्या पिटत होता. जीन उभा होता, आणि भाजीवाल्या हिशेबाच्या त्या माणसाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो ते पुसतही नव्हता.

रेनी बसून होती. तिच्यासमोर नुसत्या पाठी होत्या, कोट, टोप्या.

जीन वाकला. "उठ की गं. झालं गेलं. उठ."

"नाही."

"तूच तर त्याच्यासाठी भांडायचीस."

"म्हणूनच." मग त्या गोंगाटात, बापाच्या कानाशी तोंड नेऊन, तिने त्याला ती दुपार सांगितली. बोटापर्यंतची त्याला ठाऊक होती. पुढचं सांगितलं.

जीन सरळ झाला. पडद्याकडे बघत राहिला. पुन्हा वाकला. "पोरी, दवाखान्यात गेलेला माणूस प्रत्येक पेटीपाशी असं काहीतरी बोलतोच. चांगल्या मनाने बोलतो."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग बोलू नये," रेनी म्हणाली.

खेळ सुरू झाला. डेन्व्हरच्या निळ्या कपड्यांत स्ट्रोदर भलताच कुणीतरी दिसत होता. पण चालणं तेच, डावा गुडघा जपत टाकलेलं पाऊल तेच. आपण त्याचा गुडघा बघतोय, दुखतोय का ते बघतोय, हे लक्षात येताच रेनीला स्वतःच्या डोळ्यांचा संताप आला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्यावर फाउल झाला. फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधी. तो रेनीच्या बाजूच्या बास्केटसमोर, रेषेवर येऊन उभा राहिला. परका खेळाडू रेषेवर आला की बास्केटमागच्या लोकांनी काय करायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं: आरडाओरडा, पाय आपटणं, हात हलवणं, त्याची नजर ढळेल असं काहीही. आणि आपला माणूस असेल तर चिडीचूप.

स्ट्रोदरने चेंडू तीनदा आपटला. आणि स्टेडियम चिडीचूप झालं. कुणी ठरवलं नव्हतं. दहा वर्षांच्या सवयीने अठरा हजार माणसांनी श्वास धरला, हात मांडीवर ठेवले, परक्या संघाच्या माणसासाठी. चेंडूचा आवाज वरच्या रांगांपर्यंत ऐकू आला.

रेनी उठली. जोसी छातीशी, एक हात तिच्या डोक्यामागे. काय ओरडायचं हे तिने ठरवलं नव्हतं, आणि जे निघालं त्यात शब्द नव्हताच. बाळंतपणात निघाला होता तसा एक लांबच लांब, खरखरीत आवाज त्या शांततेत सगळ्यांच्या डोक्यांवरून खाली गेला. माणसं वळून बघायला लागली. ओटिस वळला, त्याचं तोंड उघडंच राहिलं. जीनचा हात लेकीच्या कोपराकडे गेला, आणि धरायच्या ऐवजी नुसता तिथे टेकून राहिला.

जोसीच्या कानांवर डबे होते, तरी आईची छाती हादरलेली तिला कळली. तिचा ओठ थरथरला, वळला, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

"नाही गं, नाही गं माझ्या राणी," रेनी खाली बसली, तिला गच्च धरून डोलवायला लागली. "तुझ्यावर नाही. तुझ्यावर नाही ओरडले मी."

खाली चेंडू आत गेला की बाहेर, हे तिने बघितलं नाही. जीनने बघितलं होतं. त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.