देवळीतला सर्वांत लहान कूलर

मी एक मशीन आहे, मित्रांनो. फार जुनी नाही, पण टवके उडालेली आहे. माझं नाव सीपॅप. देवळीत हे नाव कुणी धड उच्चारलेलं मी ऐकलं नाही. घरात मला 'ते' म्हणत, आणि पाहुणे आले की तेही म्हणत नसत.

काही माणसांचा घसा झोपेत आतून सैल पडतो आणि हवेची वाट बंद होते. माणूस घोरतो, मध्येच गप्प होतो, मग गुदमरून अर्धवट जागा होतो आणि पुन्हा घोरू लागतो. रात्रभर हेच चालतं, म्हणून दिवसभर तो पेंगतो. मी खोलीतलीच हवा घेते, जरा दाबानं नळीतून मास्कमध्ये सोडते आणि ती वाट उघडी ठेवते. मी औषध नाही. ऑक्सिजनही नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या माणसांनी मला तपासलं आणि 'आवाज करत नाही' असा शेरा दिला. माझं ते पहिलं कौतुक. पुढची वेळ यायला बराच काळ गेला. तिथून मी वर्ध्याच्या एका दुकानात आले आणि दुकानातून ओमप्रकाशभाऊंच्या मांडीवर बसून एसटीनं देवळीला.

भाऊंचं देवळीत कृषी केंद्र आहे. ते गल्ल्यावर बसल्या बसल्या झोपत. गिऱ्हाइकांना याची सवय झाली होती. ते बियाण्याची पिशवी स्वतःच उचलत आणि जाताना भाऊंना हलवून तसं सांगत. एकदा मात्र मोटारसायकलवर भाऊंचा डोळा लागला आणि ते गाडीसकट सोयाबीनच्या वावरात शिरले. वावर दुसऱ्याचं होतं, त्यामुळे गोष्ट गावभर झाली. मग त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे अंगाला तारा लावून त्यांना एक रात्र झोपवण्यात आलं. सकाळी डॉक्टर म्हणाले की यांचा श्वास झोपेत वारंवार अडतो आहे, हे असंच चाललं तर हृदय थकेल.

पहिल्या रात्री भाऊंनी मास्क लावला आणि लगेच ओढून काढला. धावत्या बसच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपल्यासारखं वाटते, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या रात्री त्यांनी पट्टे असे आवळले की सकाळी गालांवर वळ उठले, आणि दुकानात लोकांनी घरी काही झालं काय म्हणून चौकशी केली. पट्टे सैल केले तर हवा डोळ्यांत जाई. दवाखान्यातल्या बाईंनी खरं तर सगळं समजावलं होतं. आधी दिवसा, टीव्ही पाहताना थोडा थोडा वेळ लावून बसा. हवा हळूहळू वाढवायचं बटण आहे, ते दाबा. भाऊंनी सगळ्याला मान डोलावली होती. ती मान झोपेनं डुलत असावी असा मला संशय आहे.

पुढे उन्हाळा आला. माझ्या पोटात पाण्याची डबी असते, घसा कोरडा पडू नये म्हणून. भाऊंनी पाणी पाहिलं, हवा पाहिली, आणि त्यांना माझी ओळख पटली. हा कूलरच होता. आमच्याकडे कूलरच्या पाण्यात वाळ्याचा अर्क टाकायची रीत आहे, मग खोलीभर गारसा वास पसरतो. भाऊंनी माझ्याही डबीत थोडा टाकला. कूलरचा वास खोलीत जातो. माझा सरळ नाकात गेला. भाऊ शिंकत शिंकत अंगणात धावले आणि दोष मला लागला.

डबी धुऊन, सल्ला आठवून, भाऊ एकदा दुपारी खरोखरच मास्क लावून टीव्हीसमोर बसले. नेमक्या शेजारच्या रुख्माबाई साखर मागायला आल्या. करोनानंतर आमच्या भागात नळी आणि मास्क यांचा एकच अर्थ होतो. रुख्माबाई साखर न घेताच परतल्या. संध्याकाळी त्या शहाळं घेऊन आल्या आणि जयाबाईंचा हात धरून रडल्या.

त्या दिवसापासून माझा मुक्काम दिवाणात, गोधड्यांखाली हलला. त्याला कारण होतं. भाऊंच्या मुलीला, नंदिनीला, हिंगणघाटचं स्थळ आलं होतं. मुलगा रुपेश बँकेत होता. दोघं फोनवर बोलत आणि बोलणं लवकर संपत नसे. बाप मशीनवर आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, ही भाऊंची खात्री होती. नंदिनी वाद घालत नसे. ती मला बाहेर काढून पुसे आणि बापाच्या उशाशी ठेवी. बाप मला परत गोधड्यांखाली ठेवी. या ये-जा करण्यातच माझे टवके उडाले.

बोलणी करायला हिंगणघाटचे पाहुणे ठरल्यापेक्षा एक बस आधी आले. मी तेव्हा स्टुलावर होते. जयाबाईंनी माझ्यावर घाईनं भरतकामाचा रुमाल टाकला, पण नळी बाहेरच राहिली. रुपेशचे वडील भैयाजी यांनी हे काय म्हणून विचारलं.

"नवीन कूलर हाये," भाऊ म्हणाले.

"एवढासा? हवा लागते काय याची?"

"एका माणसाले पुरते."

भाऊ त्या दिवशी एवढं एकच खरं बोलले.

आमरस झाला, कुरडया झाल्या. बोलणी सुरू होता होता भाऊ दिवाणावर टेकले आणि घोरू लागले. पाहुणे आधी हसले. मग घोरणं थांबलं. रुपेशच्या आईचा, कमलाबाईंचा, सुपारीचा हात तोंडाशी तसाच राहिला. भाऊ गचका देऊन घोरू लागले आणि पुन्हा थांबले.

"काय झालं जी यायले?" भैयाजींनी विचारलं.

"थकले हायेत," जयाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

नंदिनी पाहुण्यांसमोरून उठली. तिनं रुमाल काढला, बापाला मास्क लावला आणि ते हळूहळू हवा वाढवायचं बटण दाबलं. भाऊंनी झोपेतच सवयीनं हात झटकला. तिनं तो खाली धरून ठेवला. थोड्या वेळानं श्वास एकसारखा झाला, आणि खोलीत फक्त मोठ्या कूलरचा आवाज उरला.

"हे कूलर नाई," नंदिनी म्हणाली. "झोपेत बाबाचा श्वास अडते. हे लावलं का चालते. ज्या घरी हे लपवा लागन, त्या घरी मले नाई याचं."

रुपेश उठला आणि भाऊंच्या कोपराखाली दबलेली माझी नळी त्यानं सोडवली.

"याची सवय व्हायले किती दिवस लागते?" कमलाबाईंनी विचारलं.

"मशीन लपवली नाई तं लवकर होते," नंदिनी म्हणाली.

कमलाबाईंनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींनी छताकडे पाहिलं.

एक चहा झाला, दुसरा झाला. भाऊ एवढा वेळ मास्क न ओढता पहिल्यांदाच झोपले होते. डोळे उघडले तर समोर पाहुणे. त्यांचा हात मास्क काढायला वर गेला.

"राहू द्या, इवाई," भैयाजी म्हणाले. "झोपा आनखी घडीभर."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. भाऊंचा हात हळूच खाली आला.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. मास्क रोज धुवा, डबीत स्वच्छ पाणी घाला, आणि मला चारचौघांत राहू द्या. घरात कुणी घोरत असेल तर खुशाल हसा. पण घोरणं मध्येच थांबलं तर तुम्हीही हसणं थांबवा, आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. एकट्याला पाठवू नका. डॉक्टरांना सांगण्यासारखं सगळं तुम्ही ऐकलेलं असतं. तो तर झोपलेला असतो.