कोरडी खोली, ओलसर सूत

एप्रिल लागला आणि बिबवेवाडीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सूत तुटायला लागलं.

हॉलमध्ये पूर्वी दहावीचे क्लास चालत. आम्रपाली गजभियेनं तो भाड्यानं घेऊन तिथं वाइंडिंगचं मशीन लावलं होतं. रंगाऱ्याकडून रंगवून, उन्हात वाळवून आलेल्या सुताच्या लडी यायच्या. त्या उलगडून कागदी शंकूंवर, म्हणजे कोनांवर, एकसारखं सूत गुंडाळायचं आणि ते भरलेले कोन विणकामवाल्याला द्यायचे, एवढाच तिचा धंदा. मशीनवर शालू नावाची एक बाई काम करायची. ती रोज मांजरीजवळच्या वस्तीवरून यायची.

"ताई, हिरवं परत तुटलं," शालू म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती.

सूत तुटलं की गाठ मारून मशीन परत चालू करता येतं. पण हे कोन सौरभ या विणकामवाल्याच्या मांजरीतल्या कारखान्यात जायचे होते. तिथं शाळेचे मोजे विणत. मोजे विणणाऱ्या सुईत गाठ अडकली की मोज्याला भोक पडतं. कोनात चार गाठी असल्या तर सौरभ काही बोलायचा नाही. यंदाच्या कोनांत त्या जागोजागी होत्या.

आम्रपालीला कारण ठाऊक होतं. डिप्लोमा करून ती काही वर्षं एका सूतगिरणीत होती. कापसाच्या धाग्यात थोडा ओलावा असतो, त्यावरच त्याची ताकद आणि लवचिकपणा टिकतो. पुण्याच्या उन्हाळ्यातली दुपारची हवा तो ओलावा शोषून घेते. मग धागा ठिसूळ होतो, जरा ताण आला की तुटतो आणि त्याचा भुगा हवेत उडत राहतो. शालूच्या केसांवर तो संध्याकाळपर्यंत पिठासारखा बसलेला असायचा.

गिरणीत छताखालून पाण्याचे बारीक फवारे सोडत. आम्रपालीनं तसंच एक लहान मशीन आणलं, भिंतीला लावलं, खिडक्या बंद केल्या. दोन दिवसांत सूत सरळ चालायला लागलं. ती खूश झाली. आता मे महिना निभावून नेऊ, असं तिनं शालूला सांगितलं.

पंधरा दिवसांनी रंगनाथकाका जिना चढून वर आले. ते हॉलच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहत. वयाची सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट. दारातच उभे राहून त्यांनी फवाऱ्याकडे पाहिलं.

"आपल्या दोऱ्याला तहान लागते, हे समजलं," ते म्हणाले. "आमच्या छताला लागत नाही. तरी ते पितंय."

"काका, खाली गळतंय का?"

"गळत असतं तर बादली ठेवली असती. छत पाझरतंय. सवड असेल तर येऊन बघावं. नसेल तर पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहेच."

ती लगेच त्यांच्यामागून खाली गेली. बैठकीच्या खोलीत छताला पिवळसर डाग पसरला होता, पण तेवढंच नव्हतं. आतल्या खोलीत गोदाबाई, रंगनाथकाकांच्या पत्नी, पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दम्याचा त्रास होता. काकांनी कपाट थोडं पुढं ओढून दाखवलं. मागच्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती.

"तुमच्या मशीनच्या आवाजाची मला सवय झालीय हो," गोदाबाई थांबत थांबत म्हणाल्या. "दुपारी तो बंद पडला तर मला जाग येते. पण ही ओल नको."

आम्रपाली वर आली आणि फवाऱ्याचं बटण बंद केलं. शालू बघतच राहिली.

"ताई, आता सूत चालंल कसं? काम तर तसंच पडून हाय."

"बघू. पण हे परत लावायचं नाही."

मग तिनं नाना उपाय केले. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली, ती तासाभरात वाळून कडक झाली. शालू म्हणाली, लडीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू. तेही केलं. सूत तुटायचं कमी झालं, आणि दोघी निवांत झाल्या. चार-पाच दिवसांनी सौरभचा फोन आला.

"मॅडम, कोन उघडला तर आतून कुबट वास येतोय. बाहेरून कोरडा, आत ओला. निळ्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरलाय. हे मी मशीनवर चढवू कसं?"

"परत पाठवा. मी बदलून देते."

"बदलून कधी देणार? जूनमध्ये शाळा सुरू होतात. भोसरीचा एक जण तयार आहे. मला त्याच्याकडे जायचं नाहीये, पण मी किती थांबू, सांगा ना."

"अर्धं काम त्याला द्या," आम्रपाली म्हणाली. "अर्धं माझ्याकडे ठेवा. ते मी नीट देईन."

अर्धं काम आपल्या हातानं सोडताना तिला वाईट वाटलं. पण खोटं आश्वासन देणं त्याहून जड गेलं असतं. परत आलेले कोन तिनं हॉलच्या कोपऱ्यात रचले आणि जाता-येता दिसतील असेच ठेवले.

रविवारच्या मीटिंगमध्ये रंगनाथकाकांनी छताचे फोटो दाखवले. फवारा बंद केला आहे आणि छताचं काम मी करून देते, असं आम्रपालीनं उभं राहून सांगितलं. एक सभासद म्हणाले, असले धंदे राहत्या बिल्डिंगमध्ये हवेतच कशाला. मीटिंगमध्ये काही ठरलं नाही, पुढच्या महिन्यावर विषय गेला. बाहेर पडताना जिन्यात तिनं काकांना गाठलं.

"काका, तुमची तक्रार बरोबर आहे. पण सुताला ओलावा लागतोच. मला दुसरा मार्ग सापडेना."

"मार्ग सोपा आहे," काका चपला घालत म्हणाले. "आम्ही साखरेच्या नमुन्यांचा ओलावा सांभाळायचो. त्यासाठी कधी प्रयोगशाळा भिजवली नाही. बरणी होती." आणि ते निघून गेले.

रंगनाथकाकांनी मांजरीला साखरेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं, हे तिला ऐकून माहीत होतं. त्यांनी टोमणा मारला होता, हेही तिला कळलं होतं. घरी जेवताना तिनं वडिलांना हे सांगितलं. वडील, दशरथ गजभिये, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "टोमण्यात उत्तर असेल तर टोमणा विसर आणि उत्तर माग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या दारात उभी होती.

"काका, कसली बरणी?"

काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही. "ज्यांच्यामुळे माझी भिंत काळी झाली, त्यांना मी शिकवणी द्यायची?"

"हो. भिंत परत काळी होऊ नये म्हणून."

आतून गोदाबाईंच्या हसण्याचा आणि मागोमाग खोकल्याचा आवाज आला. "अहो, सांगा की. दिवसभर मला सांगत असता तेच."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मिठाची," ते म्हणाले. "साधं खायचं मीठ. त्यात इतकंच पाणी घालायचं की सगळं मीठ विरघळणार नाही, ओला चिखल राहील. बंद जागेत तो ठेवला की आतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. हवा जास्त दमट झाली तर मीठ पाणी ओढून घेतं, कोरडी झाली तर सोडतं. कोणी लक्ष ठेवायला नको. तुम्ही अख्ख्या खोलीला पाणी पाजत होता. ओलावा फक्त सुताला हवा होता."

ती जिना चढेपर्यंत तिच्या मनात पुढचं सगळं आलं होतं. बरणी लडींना पुरणार नाही. हवाबंद, मोठी, झटकन उघडणारी पेटी हवी.

दुपारी ती भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला फ्रिज घेऊन आली. दाराचं रबर चांगलं होतं. आतले कप्पे काढून वेल्डरकडून आडव्या सळ्या बसवून घेतल्या, तळाशी ट्रेमध्ये मिठाचा चिखल ठेवला, सळ्यांवर लडी टांगल्या आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या लडी मऊ लागल्या. मधल्या मात्र तशाच खडखडीत होत्या.

"हवा आत फिरतच नाय," शालू लडीत हात घालून म्हणाली.

आम्रपालीनं लडी कमी केल्या, सैल टांगल्या आणि जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आत बसवला. आता मधल्याही लडी मऊ झाल्या. पण पंख्याच्या वाऱ्यानं मीठ ट्रेच्या कडांवरून वर चढलं आणि खालच्या लडींना पांढरे डाग पडले. त्या लडी धुवायला परत पाठवाव्या लागल्या. शालूनं फ्रिजच्या दाराला हळूच एक लाथ मारली. आम्रपालीनं खोल तळाचं पातेलं आणलं, त्यावर पातळ कापड ताणून बांधलं आणि पंख्याचं तोंड वर वळवलं.

हे चालू असताना रंगनाथकाका एकदा न बोलावताच वर आले. हातात आर्द्रता दाखवणारं लहानसं घड्याळ होतं. त्यांनी ते फ्रिजमध्ये ठेवलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून बसले. चहा नको म्हणाले, मग घेतला. बऱ्याच वेळानं दार उघडून काटा पाहिला.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. आवाजात काही कौतुक नव्हतं. मग तेच घड्याळ त्यांनी हॉलच्या मध्ये, उघड्यावर धरलं आणि काटा खाली उतरेपर्यंत थांबले. "सव्वीस. खोली कोरडी आहे. माझा आता प्रश्न नाही."

"माझा आहे," आम्रपाली म्हणाली. "लडी बाहेर काढल्या की तासाभरात परत वाळायला लागतात."

"मग एकदम सगळ्या काढता कशाला?"

ते तिलाही सुचलं होतं. त्या दिवसापासून शालू एका वेळी मशीनला पुरतील तेवढ्याच लडी काढायची, दार लगेच लावायची आणि रिकाम्या सळीवर नव्या टांगायची. भरलेले कोन लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद व्हायचे. काम सावकाश चाललं. सूत तुटणं थांबलं नाही, पण शालूला दोन गाठींच्या मध्ये बसून पाणी प्यायला सवड मिळू लागली.

कोपऱ्यातले कुबट कोन आम्रपालीनं एकेक करून उलगडले. जे सूत वाचलं ते धुऊन, वाळवून, पेटीत ठेवून परत भरलं. ज्यावर रंग उतरला होता ते टाकून दिलं आणि त्याच्या जागी नवं सूत आणलं. रोज सकाळी ती भरलेला एक कोन कापून आतल्या थराला हात लावून बघायची. पहिल्या गाडीबरोबर ती स्वतः मांजरीला गेली. सौरभनं तिच्यासमोर एक कोन मशीनवर चढवला. मोजे विणून बाहेर पडायला लागले. त्यानं एक मोजा हातात घालून उजेडाकडे धरला, उलटा केला, परत धरला.

"हे चालेल," तो म्हणाला. "उरलेलं कधी देताय?"

"दहा जूनपर्यंत. त्याआधी म्हणाले तर खोटं ठरेल."

"ठीक आहे. त्या भोसरीवाल्याला मी पुढच्या वेळचं काही बोललो नाहीये."

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला विषय निघाला तेव्हा अध्यक्षांनी रंगनाथकाकांकडे पाहिलं. काका बसूनच म्हणाले, "मशीनचा आवाज होतो. तो माझ्या बायकोला चालतो. ओल थांबली आहे. छत मात्र अजून व्हायचंय." अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

मे संपायच्या आत आम्रपालीनं गवंडी बोलावला. डाग पडलेला गिलावा खरवडून नवा घातला, कपाटामागची भिंत धुऊन, वाळवून रंगवून घेतली. रंगाचा वास जाईपर्यंत गोदाबाई वरच्या हॉलमध्ये येऊन बसायच्या. भुगा आता फारसा उडत नव्हता, तरी त्या तोंडाला रुमाल बांधायच्या. शालू त्यांना सुताचे रंग दाखवायची आणि त्या कोणत्या शाळेचा कोणता रंग ते ओळखायचा प्रयत्न करायच्या.

त्याच दिवसांत भंगारवाल्यानं फोन केला, आणखी एक मोठा फ्रिज आलाय, दोन दारांचा. आम्रपाली आणि शालू तो दोरीनं बांधून जिन्यानं वर चढवत होत्या. वळणावर तो अडकला. खालचं दार उघडून रंगनाथकाका बाहेर आले, क्षणभर बघत राहिले.

"तिरका घ्या," ते म्हणाले, आणि बाह्या वर करून खालच्या बाजूनं हात लावला.