शेवटच्या शिट्टीपर्यंत

डोरीन गेली त्या शनिवारी दवाखान्याचा फोन मैदानावर दुपारीच आला होता: नवऱ्याला लगेच पाठवा, ती फार वेळ काढणार नाही. मॅनेजर क्रॅबट्रीने निरोप ऐकून घेतला आणि दाबून ठेवला. त्या क्लबात रीतच होती, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत खेळाडूच्या कानावर वाईट बातमी जाऊ द्यायची नाही. मध्यंतरापर्यंत ती सगळ्यांना कळली होती. फक्त तिच्या नवऱ्याला, विल्फ गार्साइडला, नाही.

विल्फ फुटबॉलच्या चौथ्या डिव्हिजनचा फॉरवर्ड. सूतगिरण्यांच्या गावांतून पाच क्लब फिरलेला. गोल फार नव्हते, पण डोक्याने चेंडू घ्यायला तो कुणाच्याही बुटांत घुसायचा. पुढचे दात त्यातच गेले होते. आदल्या दिवशी डोरीनच दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती, "इथे बसून माझं डोकं नको खाऊस. जा, खेळ."

समोरच्या संघाच्या बचावात डगी ट्रँटर होता. दोघे कित्येक वर्षं एकमेकांना तुडवत आले होते. सुरुवातीच्या पहिल्या लाथेला रेफरी कार्ड काढत नाही, हे दोघांनाही पाठ. डगीने मागून विल्फच्या पोटरीवर बूट चालवला. मोजा फाटला, रक्त आलं.

"कसा आहेस, म्हाताऱ्या?"

"तुझ्या बापापेक्षा बरा," विल्फ म्हणाला आणि पुढच्याच कॉर्नरला त्याच्या बरगडीत कोपर घातलं. उत्तरादाखल डगीने त्याची भुवई फोडली.

मध्यंतरात ट्रेनरने भुवई तशीच, न बधिरवता शिवली. कुणी विल्फच्या नजरेला नजर देईना. एक गोल मागे आहोत म्हणून तोंडं पडली असतील, असं त्याला वाटलं.

उत्तरार्धात डगी अंगावर येईना. चेंडू आला की मागे सरकायचा. विल्फला ते सहन होईना.

"काय रे डगी, चड्डी ओली झाली?"

पुढच्या उडीत विल्फने कपाळ सरळ त्याच्या जबड्यावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

डगी उठला आणि त्याने विल्फची गळपट्टी धरली. तोंडातून रक्त गळत होतं, शब्द धड निघत नव्हते. "गाढवा, दवाखान्यात जा! तुझी बायको चाललीय. चहावाल्या बाईने आम्हाला सांगितलं. तुला कुणी बोललं नाही?"

विल्फ मैदानाबाहेर निघाला. क्रॅबट्री आडवा आला. "थोडाच वेळ राहिलाय, विल्फ. तू जाऊन काय करणार?"

विल्फने त्याला मारलं. पडल्यावरही मारलं. चौघांनी ओढून काढलं तेव्हा क्रॅबट्रीचा एक डोळा मिटला होता. त्या डोळ्याने त्याला पुन्हा कधी धड दिसलं नाही.

तसाच, खिळ्यांच्या बुटांनी, विल्फ दवाखान्याचा चढ चढत पळाला. नर्सने त्याला दारातच थांबवलं. बुटांच्या चिखलामुळे असेल, असं त्याला वाटलं.

डोरीन सामना चालू असतानाच गेली होती. बराच वेळ शुद्धीवर होती, दाराकडे बघत होती, असं नर्स म्हणाली.

विल्फवर जन्माची बंदी आली. क्रॅबट्री अजून सांगत फिरतो, मी त्याच्या भल्यासाठीच केलं, आणि गावातले निम्मे लोक मान डोलावतात.

डगीचा जबडा तारेने बांधला. कित्येक आठवडे त्याने नळीने सूप पिऊन काढले. तो शेजारच्याच गावात राहतो, तिकडची बस विल्फच्या दारावरून जाते. विल्फ त्याच्याकडे अजून गेलेला नाही.