म्हसोबाचे कोंबडे आणि गिताबाईची नखं

वस्तीवरची झाडून सगळी माणसं म्हसोबाच्या ओट्यापुढं जमली होती. एवढी माणसं कशासाठी, तर एक कोंबडी बघायला.

भैरू महाराजांनी टोपलीवरचं लाल फडकं दोन बोटांनी उचललं. आत बचत गटाच्या सविताची कोंबडी होती. तीन आठवड्यांपूर्वी महाराज तिला आपल्या खोलीवर घेऊन गेले, तेव्हा तिची पाठ मानेपासून शेपटापर्यंत उघडी पडली होती. आता त्याच पाठीवर कोवळी पिसं फुटली होती. बायांनी हात जोडले.

"डोळं भरून बघा," महाराज म्हणाले. "गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई. निस्ता नामाचा वारा घातला. चेटकीन येती, दोन्ही पंज्यांनी पाठ धरती आन् पिसागणिक घराची बरकत उपसून नेती. नखं बघितली का न्हाई तुम्ही?"

नखांचे ओरखडे सगळ्यांनीच बघितले होते. घरोघरच्या कोंबड्यांच्या दोन्ही कुशींवर ते होते.

गर्दीच्या मागं स्कूटर लावून डॉक्टर पूनम उभी होती. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस टोचायला आली होती. सकाळपासून वरवंडच्या आसपासच्या वस्त्या पालथ्या घालून तिचे पाय भरून आले होते. दौंडला रेल्वे कॉलनीतल्या घरी जाऊन निवांत पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. असले महाराज तिनं नोकरीत पायलीचे पन्नास पाहिले होते. म्हैस आटली, करणी. शेळी गाभडली, करणी. दर वेळी घसा कोरडा करून समजवायचं, लोकांनी "बरुबर हाय मॅडम" म्हणून मान डोलवायची आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा अंगारा आणायचा. तिला त्याचा वीट आला होता. लस टोचायची आणि निघायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

मग तिला ओट्याच्या कडेला उन्हात बसवलेली, वस्तीतलीच गिताबाई दिसली. शेजारी कपड्यांचं बोचकं होतं.

"यांना इथं का बसवलंय?" तिनं सविताला विचारलं.

सविता खाली बघत म्हणाली, "समद्यांच्या कोंबड्यांची पिसं गेली मॅडम. गिताबाईच्या तेवढ्या धडधाकट हायेत. महाराज म्हनले, जिच्या घरात इजा न्हाई तिचीच ही नखं. आज तिला वस्ती सोडायची हाय."

"आणि तुम्ही सोडायला लावताय?"

"नळावर बी कुनी येऊ देत न्हाई तिला," सविता म्हणाली. 

बाईमाणसाला चेटकीण ठरवणं हा गुन्हा आहे, हे पूनमनं मोठ्यानं सांगितलं आणि सगळ्यांदेखत पोलीस पाटलांना फोन लावला. ते येईपर्यंत तिनं सविताची दुसरी एक कोंबडी उचलली. पिसं उलटी फिरवून कातडी पाहिली. गोचीड नाही, उवा नाहीत. पोट आणि छाती पिसांनी भरलेली. उघडं होतं ते फक्त मानेच्या मागं आणि पाठीवर. ओरखडे होते ते दोन्ही बाजूंना, सारख्या उंचीवर.

तेवढ्यात तिच्या पायांतून एक तुरेबाज कोंबडा ऐटीत गेला. त्याच्यामागं दुसरा. ओट्यावर तिसरा आरवत होता. पूनमनं मान वळवून सगळी वस्ती न्याहाळली.

"आप्पा, हे एवढे कोंबडे कुणाचे?"

"म्हसोबाचे," वस्तीतले वडीलधारे जयसिंग आप्पा म्हणाले. "गेल्या दिवाळीच्या अंगाला कोंबड्यांनी पिसं टाकली, तवा महाराज आले. म्हनले, देवाच्या नावानं घरटी कोंबडा सोडा. कापायचा न्हाई, इकायचा न्हाई, जत्रंपातुर निस्ता संभाळायचा. सोडला, तर पिसं आली बघा. जत्रंला महाराज ती कोंबडं टेंपोत घालून घेऊन गेले. पर त्याच्या आधीच पुन्हा पिसं जायला लागली हुती. मग म्हनले, दोन दोन सोडा."

"आणि आता?"

"आता काय इचारता. तीन तीन हायेत."

पूनमला हसूही आलं आणि रडूही. थंडीच्या तोंडावर कोंबडी जुनी पिसं टाकते आणि नवी घेते, दर वर्षी घेते. ती आपसूक आली आणि श्रेय महाराजांनी खिशात घातलं. खरी इजा त्यानंतर सुरू झाली होती.

"महाराज," तिनं विचारलं, "तुमच्या खोलीवर या कोंबडीजवळ कोंबडा होता?"

महाराजांनी कानाला हात लावले. "शिव शिव. देवाच्या खोलीत नराला मज्जाव. तिला कडक ब्रह्मचर्य पाळायला लावलं आम्ही."

"तेच औषध लागू पडलं," पूनम म्हणाली. "गिताबाईंच्या घरी कोंबडा आहे?"

"न्हाई," गिताबाई पहिल्यांदाच बोलली. "म्हसोबाला काय कमी हाय, म्हनून मी सोडला न्हाई. माझं आवार बी काट्यांच्या कुपाटीनं बंद हाय."

"आन् कोंबड्याबिगर अंडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"अंडी कोंबडी घालते, कोंबडा नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो, आणि आठ-दहा कोंबड्यांत एक पुरतो."

कुणाचा विश्वास बसलेला दिसेना. पूनमनं सुस्कारा सोडला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल हिंगूळ तिनं मागवला आणि तेलात कालवला. पोरांनी धरून आणलेल्या एकेका कोंबड्याचे पंजे त्यात बुडवून सोडले. मग सविताच्या अंगणात मूठभर ज्वारी फेकली आणि सगळ्यांना लांब बसायला सांगितलं.

फार वेळ बसावं लागलं नाही. उन्हं कलायला लागली, तसे म्हसोबाचे कोंबडे कामाला लागले. एक कोंबडी दाणे टिपायला वाकली की एक पाठीवर चढे, चोचीत मान धरी, नखं कुशींत रोवी. तो उतरला की दुसरा तयार. बघता बघता प्रत्येक पाठीवर लालभडक पंजे उमटले. जिथं ओरखडे होते, नेमके तिथंच.

सवितानं कोंबडी उचलली, लाल रंगावर बोट फिरवलं आणि ते बोट शेजारणींना दाखवलं.

"चेटकीन कोंबड्याच्या अंगात शिरली," महाराज घाईनं म्हणाले. एक म्हातारी फिस्सकन हसली. मग बाया हसल्या. महाराज मोटरसायकलकडं सरकले, पण पोलीस पाटील येईपर्यंत थांबा म्हणत चार जण आडवे झाले.

"टेंपो मी बघितला हुता," आप्पा हळूच म्हणाले. "हायवेच्या ढाब्यावर कोंबडं उतरवत हुता. देवाची गोष्ट म्हनून तोंड बंद ठेवलं."

जास्तीचे कोंबडे वेगळे करायचं ठरलं. सविता गिताबाईसमोर जाऊन उभी राहिली. "चुकलं आमचं, मावशी. घरी चला."

गिताबाईनं बोचकं मांडीवर घेतलं. "कोंबड्याची नखं घावली म्हनून मी सुटले गं. घावली नसती तर? उद्या एखाद्याची गाय मेली, लेकरू तापानं फणफणलं, आन् ह्या मॅडम आल्या न्हाईत. मग मी पुन्हा चेटकीनच ना?"

एवढ्या वर्षांत पूनम लोकांना कारणं सांगत आली होती. कारण सापडलं नाही तर काय करायचं, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "प्रत्येक दुखण्याचं कारण मलाही सापडत नाही. नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा. शोधा, विचारा, थांबा. माहीत नाही म्हणण्यात कमीपणा नाही. पण त्या जागी माणसाचं नाव घालू नका. ज्याचं नाव घालता, त्याला घर सोडावं लागतं."

गिताबाई उठली. चौफुल्यावरून शिरूरची एस.टी. मिळेल, लेकीकडं जाते, म्हणाली. पूनमचं घर उलट्या दिशेला होतं, तरी तिनं स्कूटर वळवली.

"माझ्या कोंबड्यास्नी पानी ठेव," गिताबाई सविताला म्हणाली.

"परत कवा येणार, मावशी?"

"म्हाईत न्हाई," गिताबाई म्हणाली आणि गाडीवर बसली.