पेटीतले दोन रंग

वाळूत नदी झाली, पूल झाला, पुलाच्या वरच्या अंगाला छावणीची टेकडीही झाली. मग निळ्या भुकटीचा डबा घेऊन समुद्र पसरायला वाकल्यावर डोंगरबाईंचा हात थबकला. समोरच्या कागदावर समुद्राची रेघ भलतीकडूनच गेली होती. बर्फाच्या कारखान्याच्या मागून, बाजारातून, थेट जुन्या शाळेपर्यंत.

"साहेब, समुद्र गावात शिरलाय हो," त्या म्हणाल्या.

मेजर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. मागे न वळताच ते म्हणाले, "तिथंच हवाय, बाई. हा पुढचा समुद्र आहे."

फळ्यावर 'हवामान बदल आणि अंतर्गत सुरक्षा' असं लिहिलेलं होतं. डोंगरबाईंनी ते वाचलं आणि डबा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

लष्करी शाळेतल्या या खोलीत त्यांचा जन्म गेला होता म्हटलं तरी चालेल. नवरा छावणीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्यांना झाडूपोछ्याचं काम मिळालं आणि एका म्हाताऱ्या सुभेदारांनी त्यांना वाळूत देश करायला शिकवलं. लाकडी चौकटीत चाळलेली वाळू भरायची, पाण्याचा हात देऊन डोंगर थापायचे, रंगवलेल्या भुशाची शेतं, विटेच्या चुऱ्याचे रस्ते, काड्यापेट्यांची घरं. त्यांचा डोंगर कधी ढासळला नाही, म्हणून नाव पडलं डोंगरबाई. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

तेव्हा किती बरं होतं सगळं. शत्रू नेहमी डोंगरापलीकडचा. त्याच्या देशाला कुणीतरी गमतीचं नाव ठेवलेलं असायचं. लढाई सकाळी सुरू व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आटपायची. साहेब लोक हसत बाहेर पडले की डोंगरबाई दोन्ही देश एकाच घमेल्यात भरायच्या. "बाई, आज शत्रूला कुठं बसवलंत?" असं नवे अधिकारी विचारायचे आणि त्या म्हणायच्या, "सावलीत बसवलाय, साहेब. तुमची वाट बघून दमला बिचारा."

या वेळी देश खोटा नव्हता. बाजारामागच्या गल्लीत, कोळशाच्या वखारीला लागून, त्यांची मुलगी राहत होती.

त्यांनी समुद्र पसरला. मग मेजरनी झेंड्यांची पेटी उघडली. निळे झेंडे छावणीवर, पाण्याच्या टाकीवर, धान्याच्या कोठारावर आणि पुलाच्या वरच्या टोकाला लागले. मग त्यांनी लाल झेंड्यांचा पुडा बाईंच्या हातात दिला आणि खालच्या गल्ल्यांवर बोट फिरवलं.

निळे आपले, लाल शत्रूचे, एवढं तर त्या खोलीतल्या पालीलाही माहीत होतं.

"साहेब, तिथं माणसं राहतात."

मेजर तसे सज्जन. त्यांनी खुर्ची ओढली, बाईंना बसवलं. त्यांनी समजावून सांगितलं की ही माणसं शत्रू नाहीतच. पण समुद्र दरवर्षी चढतोय, खालच्या विहिरी खारट होतायत, आज ना उद्या सगळं गाव एकदम वर येणार. वर पाणी बेताचं, धान्य बेताचं. तेव्हा गर्दी पुलावर कशी थोपवायची, एवढाच या वेळचा प्रश्न आहे.

"मग लाल कशाला?"

"पेटीत दोनच रंग आहेत ना, बाई."

हे ते फार हळुवारपणे म्हणाले. ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

"माझं एक जुनं पिवळं पोलकं आहे. तासाभरात त्याचे झेंडे शिवून आणते," त्या म्हणाल्या.

मेजर हसले नाहीत. खरंच विचार करत बसले. मग म्हणाले, "पिवळा लावला तर मुलं विचारतील, यांच्याशी वागायचं कसं? लालचं उत्तर पुस्तकात आहे, निळ्याचंही आहे. पिवळ्याचं माझ्याकडे नाही."

डोंगरबाईंनी झेंडे लावले. वखारीजवळचा कलला, तर सवयीने बोटाच्या चिमटीत धरून सरळही केला, आणि मग त्याच हाताची त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. बाई नेहमीसारख्या कोपऱ्यात पाण्याचा फवारा घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. अधिकारी आळीपाळीने काठी फिरवत होते. कुणी म्हणालं, पाणी आल्यावर पूल बंद करावा. त्यावर एक गोरटेला, लाजाळू मुलगा उठला आणि अदबीने म्हणाला की तोपर्यंत उशीर होईल, लोक पुलावर आलेले असतील. पूल पाणी येण्याआधी बंद करायला हवा, लोक अजून घरात असताना. मेजर म्हणाले, शाबास. येत्या अमावास्येच्या उधाणाला प्रत्यक्ष सराव करून बघू, असंही म्हणाले. बाईंच्या हातातला फवारा गळत होता. पायाशी थारोळं साचलं तरी त्यांना कळलं नाही. अमावास्या दोन दिवसांवर होती.

दुपारी रजा टाकून त्या खाली गेल्या. आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि गटारातून समुद्र वर येत होता. गल्लीत घोट्याएवढं पाणी. मुलगी साडी खोचून दारातून झाडूने पाणी लोटत होती आणि ते पुन्हा आत येत होतं. आत विहीणबाई विटांवर उचललेल्या खाटेवर पडून होत्या. अर्धांग झाल्यापासून त्यांची डावी बाजू गेली होती, तोंड मात्र शाबूत होतं.

"या, विहीणबाई. आमच्या घरात नदी आणून दिलीय सरकारनं, पाय धुवायला बाहेर जायला नको," त्या म्हणाल्या.

डोंगरबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं. सामान बांध आणि आजच्या आज वर चल, म्हणून सांगितलं. लेक हसण्यावारी नेऊ लागली. तुझ्या एका खोलीत आम्ही सगळे मावणार कुठं, तुझ्या छावणीचा पहारेकरी पाहुण्यांच्या चपलासुद्धा मोजतो, नवरा बोटीवर गेलाय तो परवाशिवाय येत नाही. बोलता बोलता ती डब्यांची झाकणं घट्ट करत होती.

खोलीतलं खोलीत ठेवायचं, हा बाईंचा आयुष्यभराचा शिरस्ता. नवऱ्याच्या ओळखीच्या माणसांना, या पोरीलाही त्यांनी कधी एक डोंगर सांगितला नव्हता.

"पूल बंद करणार आहेत," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आमचेच."

"पूल म्हणजे काय कपाट आहे, आई, बंद करायला?" लेक म्हणाली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिचा हात झाकणावरच राहिला. "आणि आम्ही काय केलंय?"

"काही नाही गं."

"मग?"

बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "लेकीला घेऊन जा हो. मला उचलायचं ते एकदाच उचलतील. दोनदा कशाला कुणाच्या कमरेला त्रास?"

"तुम्ही गप पडा हो, सासूबाई," लेक तिथूनच म्हणाली. मग आईकडे वळून ती हळूच म्हणाली, "यांना उचलून चढ चढणारं माणूस बोटीवर आहे. तो येऊ दे, मग बघू. तू जा. बस चुकेल."

बस पुलाच्या अलीकडेच थांबवली होती. बाई चालत निघाल्या. पुलाच्या वरच्या टोकाला दोन्ही खांबांना नव्या लोखंडी बिजागऱ्या बसवल्या होत्या आणि एक वेल्डर फाटकाचं दार जोडत होता. बाजूला जवान उभे होते, छावणीतलेच, पण ओळखीचं कुणी नव्हतं. ठिणग्या थांबवून वेल्डरने तोंडावरची काळी काच वर केली.

"आजी, वरच्या का खालच्या? वरच्या असाल तर चटकन निघा. खालच्यांना आजपासून चौकशी आहे."

बाईंचा हात पिशवीत गेला. छावणीचं ओळखपत्र बोटांना लागलं. समोर पाण्याची टाकी दिसत होती, त्यांच्या क्वार्टरची खिडकी दिसत होती, खिडकीत सकाळी वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. भीती एवढी की दातावर दात वाजत होते, भर उन्हात.

"खालची," त्या म्हणाल्या.

"मग इकडं कुठं चाललात?"

"चुकले," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

उतारावरून जाताना त्यांना मागे पुन्हा ठिणग्यांचा आवाज ऐकू आला. गल्लीत पाणी पोटरीपर्यंत चढलं होतं. लेक पायरीवर उभी राहून विहीणबाईंची भिजलेली चादर एकटीच पिळायला बघत होती. चादर जड होती, हातातून निसटत होती.

"काय विसरलीस?" तिने विचारलं.

"ते टोक दे इकडं," डोंगरबाई म्हणाल्या.

दोघींनी दोन टोकं धरली आणि उलट्या अंगांनी पीळ द्यायला सुरुवात केली.