लाईन तर हाये की!

मी एक जुना मोडेम आहे. जुना म्हणा, भंगार म्हणा, पण बिचारा म्हणू नका. कीव मला चालत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पुस्तकाएवढा काळा डबा, पुढे लाल दिव्यांची ओळ, मागे वायरींचं शेपूट. एक वायर संगणकाला, एक टेलिफोनला, एक विजेला. संगणकाचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून दूरगावी पोचवायचं आणि तिकडचं उत्तर घेऊन यायचं, हा माझा धंदा. तो सुरू करताना मी आधी किंचाळायचो, मग खरखरायचो. ऐकणारा कानात बोटं घालायचा. घालू दे. गोड गळ्यासाठी मला कारखान्यात घडवलंच नव्हतं.

कुरुंदा या गावी मी आलो तो भांडणातून. पुनमने नांदेडला राहून पदवी घेतली होती आणि तिला संगणकात पुढे शिकायचं होतं. तिचे वडील सोनाजी म्हणाले, "पुन्याला न्हाई धाडनार. शिकलं तेवढं बास. पोरीनं घरात ऱ्हावं." पुनम रडली नाही. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे घेऊन ती नांदेडला गेली आणि एक जुना संगणक आणि मला घेऊन परतली.

"आबा, तुमी म्हनले घरात ऱ्हाय. ऱ्हाते. घरात बसूनच मास्टर्स करते, ऑनलाइन. आता बोला!"

सोनाजी आपल्याच शब्दात सापडले होते. विषयाचं नाव होतं उपयोजित संगणकशास्त्र, म्हणजे संगणकाची विद्या रोजच्या कामाला जुंपायची. मला हा विषय फार आवडला. नुसतं मिरवायचं ज्ञान मलाही सोसत नाही.

आता आमच्या भागात लाईन म्हणजे वीज. लाईन आली, लाईन गेली, यापलीकडे त्या वर्षांत गावाला दुसरी बातमीच नसायची. त्यामुळे पुनमच्या आईने, चतुराबाईंनी, 'ऑनलाइन'चा अर्थ तिथल्या तिथे लावला. शेजारणींना त्या समजावून सांगत, "लाईन आली की पोरगी शिकती, लाईन गेली की हळद निवडती. म्हनून त्याला ऑनलाइन म्हनतेत." हसू नका. पुनमचा सगळा दिवस ह्याच व्याख्येवर चालायचा.

मी राबलो, मित्रांनो. विद्यापीठाचे धडे थेंब थेंब उतरवून घेतले. एक आकृती पडद्यावर यायची तोवर चतुराबाईंच्या भाकरी भाजून व्हायच्या. कधी तार मध्येच तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. पुनम मला चापट मारायची, शिव्या घालायची, आणि पुन्हा नंबर फिरवायची. हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं, माझ्या वायरीतही नव्हतं.

गाव मात्र हसत होतं. भावकीतले मुंजाजी, म्हणजे सोनाजींचे थोरले चुलतभाऊ, पारावर बसून म्हणायचे, "घरात बसून डिग्री भेटती व्हय? भाकरी भाजल्याचं सर्टिफिकेट भेटन तिला!" शेताच्या बांधावरून भांडण होऊन दोन्ही घरांचं बोलणं केव्हाचंच बंद होतं, त्यामुळे टोमणे पारावरून यायचे. माझे दिवे तसे लालच असतात, पण ते टोमणे ऐकताना रागाने लाल असायचे.

अशी वर्षं गेली आणि शेवटची तोंडी परीक्षा तेवढी राहिली. तोंडी नावालाच. परीक्षक तिकडे बसून प्रश्न टाइप करणार, पुनम इकडून उत्तर टाइप करणार. सोनाजींनी बजावून ठेवलं होतं, "एवढी परीक्षा होऊ दे. न्हाई झाली तर मंग येईल त्या पाव्हन्याला हो म्हनायचं." पुनमने मान हलवली होती. तिच्या हातात हा एकच डाव होता.

बोलले कडक, पण बापच तो. सोनाजींनी गुपचूप तांड्यावरच्या नेमसिंगला गाठलं. नेमसिंग आमच्या गावचा विजेचा वायरमन. परीक्षेच्या दिवशी तो सकाळपासूनच ओसरीवर चहा पीत बसला. "आज कुरुंद्याची लाईन जात न्हाई, काका. ही माही जबान."

आणि वेळ जवळ आली तेव्हाच गल्लीतून कडब्याची ट्रॉली गेली. छपरापेक्षा उंच रचलेली. पुनमने नंबर फिरवला, मी किंचाळायला तोंड उघडलं, तर पलीकडे काहीच नाही. चिडीचूप.

"आबा, लाईन गेली!"

सोनाजी धावत आले. त्यांनी वर पाहिलं. बल्ब जळत होता. "काहून वरडून राहिली? लाईन तर हाये की!"

"पंखा बी फिरून राहिला," नेमसिंग म्हणाला.

"ती न्हाई हो! फोनची लाईन!"

एवढ्या बंदोबस्ताने आम्ही भलतीच लाईन राखली होती. नेमसिंगने बाहेर जाऊन कडब्याच्या ट्रॉलीने तोडलेली, लोंबणारी तार पाहिली आणि मान हलवली. टेलिफोनचा खांब त्याच्या हातातला नव्हता, आणि टेलिफोनवाला वसमतहून यायचा, तोही आला तर.

दुसरा फोन मुंजाजींच्या घरी होता, त्याची तार पलीकडच्या गल्लीतून जायची. नाव कुणी घेईना. शेवटी पुनमच म्हणाली, "मोठ्याबाबाच्या घरी जाते."

"त्याच्या दारात म्या जानार न्हाई," सोनाजी म्हणाले.

"तुमी नका जाऊ," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी हळद वाहायचं टोपलं रिकामं केलं, संगणकाचा डबा त्यात ठेवला आणि टोपलं डोक्यावर घेतलं. नेमसिंगने संगणकाचा पडदा खांद्यावर घेतला, पुनमने मला आणि वायरींना ओढणीत बांधलं. भर दिवसा आमची वरात निघाली. बायका दारात आल्या. कुणी विचारलं, "काय नेऊन राहिल्या, चतुराबाई?" त्या म्हणाल्या, "पोरीची परीक्षा!"

आता रीत ऐका. मुंजाजी चतुराबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर पदर खाली ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून मुंजाजींनी त्यांचा आवाजच ऐकला नव्हता. त्या दिवशी दोन्ही हात टोपल्याला होते. पदर खांद्यावर घसरला, तो ओढायला हातच मोकळा नव्हता. चतुराबाई तशाच उभ्या राहिल्या आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलल्या.

"फोन पायजे. तासाभरासाठी."

मुंजाजी चाट पडले. मग सावरून म्हणाले, "आमच्या बैठकीत बायानं बसायची रीत न्हाई."

"मंग तुमी वट्ट्यावर बसा."

आत त्यांची बायको रूपाबाई उभी होती. ती पुढे झाली, फोनची वायर उपटली आणि पुनमच्या हातात दिली. मुंजाजी ओट्यावर जाऊन बसले.

मी त्या बैठकीत असा किंचाळलो की गोठ्यातल्या म्हशी दचकल्या. पलीकडून उत्तर आलं! परीक्षकांनी विचारलं, उशीर का झाला? मग विचारलं, संगणकांच्या जाळ्यातला एक रस्ता तुटला तर निरोप पुढे कसा जातो? पुनम मोठ्याने हसली आणि भराभर टाइप करू लागली. उंबऱ्यावर चतुराबाई बसल्या होत्या. हळदीच्या भावाचा फोन येणार म्हणून मुंजाजी मध्ये एकदा उठले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि परत बसले.

पुनम पास झाली. मुंजाजी पारावर सांगू लागले, "आमच्याच फोनवर डिग्री भेटली तिला." पुनम हिंगोलीच्या कॉलेजात शिकवू लागली. मग जलद इंटरनेट आलं आणि मी माळ्यावर गेलो. कुणी पुसत नाही, धूळ बसते. बसू दे. माझं काम झालं आहे, आणि चोख झालं आहे.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायचंच असेल तर तुमच्या घरात शिकायला धडपडणारी जी कुणी असेल, तिला जपा. तिच्यासाठी बैठक मोकळी करा. आणि शिकणारी तूच असशील, पोरी, आणि बैठक कुणी मोकळी करत नसेल, तर दारात उभी राहून रडू नकोस. आत जा आणि बस.